बॅनिश्ड: कोठारात अन्न असताना गाव उपाशी का मरतं, आणि दर काही वर्षांनी तेच का होतं

बॅनिश्ड हा गाव वसवून जगवायचा कॉम्प्युटर गेम खेळणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला हे येतं. गाव छान चाललेलं असतं, शेतं हिरवी असतात, लोकसंख्या शंभराच्या घरात पोचलेली असते. मग एका हिवाळ्यात उपासमारीने मृत्यू झाल्याच्या सूचना एकामागोमाग यायला लागतात आणि वर्षभरात निम्मं गाव संपतं. उरलेल्यांना घेऊन आपण घडी पुन्हा बसवतो. आठ-दहा वर्षं बरी जातात आणि परत तोच हिवाळा येतो.

जुळे सोलापुरातला माझा मावसभाऊ याच चक्रात अडकला होता. त्याचा फोन आला तो असा: "दादा, कोठारात बाराशे अन्न दाखवायलंय, तरी मरायलेत लोकं. गेमच बिघडलाय का?" गेम बिघडलेला नव्हता. हा प्रश्न इतक्या जणांना इतक्या वेळा पडतो की एकदा सविस्तर लिहून ठेवावं असं वाटलं.

माझं म्हणणं आधीच सांगतो. या गेममधला दुष्काळ शेतात सुरू होत नाही. तो दोन-तीन वर्षं आधी घरांच्या संख्येत, झिजलेल्या अवजारांत, फाटक्या कपड्यांत आणि कामावर जायच्या अंतरात सुरू झालेला असतो. अन्नाचा आकडा सगळ्यात शेवटी पडतो. म्हणून तो पडल्यावर आणखी शेतं काढणं हा उपाय नाही, बहुतेक वेळा त्याने नुकसानच होतं.

बॅनिश्ड फेब्रुवारी २०१४ मध्ये आला आणि तो ल्यूक होडोरोविच या एकट्या माणसाने बनवला. त्यात पैसा नाही, कर नाही, शत्रूचं सैन्य नाही. गावाची सगळी पुंजी म्हणजे गावातली माणसं. पीक काढणारी, लाकूड तोडणारी, ओझी वाहणारी आणि खाणारीही तीच. त्यामुळे अन्न आणि माणसाची तब्येत हे दोन वेगळे प्रश्न म्हणून सोडवायला गेलात तर दोन्ही सुटत नाहीत.

आधी गेम थांबवा आणि मेलं कोण ते बघा

मृत्यूच्या सूचना यायला लागल्या की लोक घाबरून दहापट वेगावर पुढे पळवतात, "बघू काय होतंय" म्हणून. असं करू नका. पॉज करा. सूचनेवर क्लिक करून कोण मेलं, कशाने मेलं, कुठे मेलं ते बघा. 'उपासमार' आणि 'थंडी' ही दोन वेगळी कारणं गेम वेगळी सांगतो, आणि मृत्यूची जागा तर निम्मं निदान करून देते. गावाच्या मध्यात, घरात माणसं मरत असतील तर अन्न खरोखर संपलंय. नदीपलीकडे, खाणीच्या वाटेवर, दगड गोळा करायला पाठवलेल्या ठिकाणी मरत असतील तर अन्न आहे, पण त्यांच्यापासून फार लांब आहे.

मावसभावाच्या गावात दुसरा प्रकार होता. स्क्रीनवरच्या पट्टीत दिसणारा अन्नाचा आकडा ही गावभरच्या साठ्याची बेरीज असते. त्याचे बाराशे जवळजवळ सगळे नदीकाठच्या जुन्या कोठारात होते आणि मरणारी माणसं जंगलाच्या टोकाला राहत होती. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा आपल्याकडे लहानपणापासून ऐकवतात. दुष्काळात सरकारी कोठारं भरलेली होती आणि दारात माणसं उपाशी होती, म्हणून त्यांनी कोठारं उघडली. बॅनिश्डमध्ये कोठाराला कुलूप नसतं. तिथे कुलपाचं काम अंतर करतं.

एका माणसाचा दिवस

हे आकड्यांत कळत नाही, म्हणून आम्ही गेममधल्या एका माणसाची माहितीची खिडकी उघडी ठेवून त्याच्या मागे गेलो. तो गॅदरर होता, म्हणजे जंगलातून बोरं, कंदमुळं, कांदे गोळा करणारा. घर नदीकाठी, कामाची झोपडी जंगलाच्या पार टोकाला. घरातून निघाला आणि चालतच राहिला. झोपडीच्या परिसरात पोचून एक ओझं गोळा केलं. ते टाकायला जवळ कोठार नव्हतं, म्हणून तेच ओझं घेऊन नदीकाठापर्यंत परत आला. परत जंगलाकडे निघाला तोवर अंगावरचा कोट संपल्यामुळे थंडी वाजायला लागली आणि अर्ध्या वाटेवरून तो शेकायला घरी वळला. घरात जळण होतं, पण अन्न नव्हतं. मग कोठारात गेला, घरासाठी अन्न घेऊन आला, आणि पुन्हा जंगलाची वाट धरली. एवढ्या वेळात त्याने गावाला एक ओझं दिलं होतं. झोपडीच्या खिडकीत मात्र चारपैकी चार माणसं कामावर दिसत होती.

शेत वाढवून हे सुटत नाही. आम्ही झोपडीला खेटून एक कोठार बांधलं, शेजारी दोन घरं आणि जळणासाठी एक स्टॉकपाइल, म्हणजे उघड्यावर माल रचायची जागा. बाकी काहीही बदललं नाही. पुढच्याच वर्षी त्याच झोपडीचं उत्पादन डोळ्यांत भरण्याइतकं वाढलं. गेम कामं वाटताना अंतराचा विचार करतो, पण घरंच तिकडे नसतील तर तो तरी काय करणार? कामाची जागा, कोठार, घर आणि जळण ही चार एकत्र असावीत. वस्ती लांबवायची असेल तर चारही न्या, नाहीतर नेऊच नका.

गॅदररबद्दल अजून एक. त्याला जुनं, दाट जंगल लागतं. फॉरेस्टर लॉज, म्हणजे झाडं लावणाऱ्या-तोडणाऱ्यांचं ठाणं, त्याच परिसरात असेल तर तिथे झाडं तोडायचा पर्याय बंद करून फक्त लावायचा चालू ठेवता येतो. लाकडासाठी दुसरा फॉरेस्टर वेगळ्या बाजूला ठेवा. हर्बलिस्टच्या, म्हणजे गावाच्या वैदूच्या, औषधी वनस्पतीही अशाच जुन्या जंगलात येतात, तेव्हा तो तुकडा हात न लावता जपायचा.

अन्नाची मर्यादा

हे दोन ओळींत संपण्यासारखं आहे, पण यात खूप जण फसतात. गेममध्ये प्रत्येक वस्तूची मर्यादा ठरवता येते आणि साठा तिथे पोचला की गोळा करणारे काम थांबवतात. सुरुवातीची मर्यादा छोट्या गावासाठी पुरते. गाव तिप्पट झालं तरी मर्यादा तीच राहिली, तर मासेमार आणि गॅदरर ऐन चांगल्या वर्षात हात बांधून बसतात आणि वाईट वर्षासाठी काही उरत नाही. लोकसंख्या वाढली की मर्यादा वाढवा. लोहाराच्या अवजारांची आणि जळणाची मर्यादाही त्याच वेळी बघून घ्या.

शेतं: आपली सवय इथे उलटी पडते

सोलापूरच्या माणसाला हे मुद्दाम सांगावंसं वाटतं. आपल्या जिल्ह्याची ज्वारी रब्बीची. पाऊस सरत आला की पेरायची, जमिनीतल्या ओलीवर आणि थंडीवर ती पोसते, आणि माघ-फाल्गुनात काढायची. मालदांडीच्या ताटाला थंडी मानवते. त्यामुळे 'पीक उभं आहे, थोडी थंडी पडली तर काय बिघडलं' असं आपल्याला सहज वाटतं. बॅनिश्डमधली थंडी गोठवणारी आहे. पारा शून्याखाली गेला की शेतात उभं राहिलेलं पीक गेलंच म्हणून समजा. तिथलं शेत वसंतात पेरलं जातं आणि शरदात बर्फ पडायच्या आत कोठारात यायला लागतं.

अडचण बहुतेक वेळा हातांची असते. पंधरा बाय पंधराचं मोठं शेत आखायचं आणि त्यावर अपुरे शेतकरी ठेवायचे, मग पेरणी उन्हाळ्यापर्यंत लांबते, पीक उशिरा तयार होतं आणि कापणी अर्धी झालेली असताना बर्फ पडायला लागतो. त्यापेक्षा लहान शेतं, पुरेसे हात आणि शेताच्या बांधाला कोठार. शेतकरी वसंत सुरू व्हायच्या आधी नेमलेले हवेत. शरद लागल्यावर शेतं एकेक करून उघडून बघा, पारा झपाट्याने उतरत असेल तर पीक पूर्ण पिकायची वाट न बघता कापणीचं बटण दाबा. थोडं कमी येईल, पण येईल.

शेजारी-शेजारी एकच पीक लावू नका. कीड लागली की ती त्याच पिकाच्या लगतच्या शेतात पसरते. आलटून पालटून लावा.

आणि दुष्काळ पडलेला असताना नवीन शेत काढू नका. त्या शेताचं अन्न शरदात हातात येणार, माणसं आज मरतायत. जमीन साफ करायला जे हात लागतात ते मासेमारीला आणि शिकारीला लावा.

अवजारं, कोट, जळण

अन्न कमी पडतंय म्हणून लोहाराला शेतावर पाठवणारे खेळाडू मी पाहिलेत. त्या वर्षी थोडं जास्त पिकतं, आणि पुढच्या वर्षी अवजारं संपल्यावर सगळ्या गावाचं उत्पादन एकदम घसरतं. बिनअवजाराचा माणूस राबतो तेवढाच, पण पिकवतो खूप कमी. अवजाराला लोखंड आणि लाकूड लागतं, पोलादी अवजाराला वर कोळसाही. पृष्ठभागावरचं लोखंड वेचून संपत आलंय हे लक्षात आलं की खाण किंवा ट्रेडिंग पोस्ट (बोटीने येणाऱ्या व्यापाऱ्यांशी देवघेव करायची जागा) यांपैकी एक तरी तयारीत हवं. लोहाराला हात लावू नका, अगदी शेवटची गोष्ट म्हणून लावा.

कोट नसलेला माणूस थंडीत थोडं काम करतो आणि शेकायला घरी पळतो, वर त्या गॅदररचं सांगितलंच. जळण नसलेल्या घरात तर तो शेकायला आला तरी उपयोग नाही. शिकाऱ्याकडून कातडं मिळतं, मेंढ्यांची लोकर मिळते, शिंपी दोन्हींचे कोट करतो. म्हणून शिकारीची झोपडी मला सुरुवातीपासून आवडते: मांसही येतं आणि कपड्यांचीही सोय होते.

मजुरांचंही तसंच. ज्यांना कुठलंच काम नेमून दिलेलं नाही ते मजूर. ते रिकामे दिसतात म्हणून सगळ्यांना कुठे ना कुठे चिकटवलं जातं, आणि मग पडलेली ओझी वाहायला कुणीच उरत नाही. हिवाळ्यात शेतकरी मजुरी करतात तेव्हा ही कमतरता झाकली जाते, ऐन पेरणी-कापणीत उघडी पडते. थोडे मजूर कायम मोकळे ठेवा.

पोट भरलंय, तरी तब्येत पडतेय

मावसभावाच्या गावात गहू आणि मासे भरपूर होते, बाकी काही नव्हतं. तब्येत दाखवणारी हृदयाची चिन्हं एकेक करून कमी होत होती. गेम अन्नाचे गट मोजतो: धान्य, फळं, भाज्या आणि प्रथिनं. एकाच प्रकारचं कितीही खाल्लं तरी तब्येत भरून येत नाही. भाकरीबरोबर शेंगाचटणी, पालेभाजी, कांदा लागतोच हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही, पण आकडा वाढवायच्या नादात गेममध्ये ते विसरलं जातं.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे बाजार. लांबच्या कोठारांतून विक्रेते वेगवेगळा माल आणून एका जागी ठेवतात आणि बाजाराभोवतीच्या वर्तुळातल्या घरांना चारही गट हाताशी मिळतात. घरं बाजाराच्या वर्तुळाबाहेर गेली की ती फक्त जवळच्या कोठारात जे असेल तेच खातात. हर्बलिस्ट एक तरी असावा.

आनंदाचे तारे लोक सजावट समजतात. तसं नाही. नाखूश माणूस कामात रेंगाळतो. एका दुष्काळात घरची माणसं गेली की जगलेल्यांचे तारे पडतात, काम मंदावतं, पुढचं पीक कमी येतं, आणि दुसरा दुष्काळ पहिल्यातूनच जन्माला येतो. म्हणून मोठ्या मृत्युसत्रानंतर मी दफनभूमी आणि चॅपल आधी बांधतो, टॅव्हर्न, म्हणजे दारूचा गुत्ता, जमेल तेव्हा. अन्नाची टंचाई असताना फळं दारूकडे वळवू नयेत, हे ओघाने आलंच.

फ्रॉस्टपंक हा गोठवणाऱ्या थंडीत शहर जगवायचा गेम खेळलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. तिथे सूप करायचा कायदा केला की तेवढ्याच कच्च्या अन्नात जास्त जेवणं निघतात, पण असंतोष वाढतो, आणि अन्नात भेसळ मिसळायला परवानगी दिली की माणसं आजारी पडतात. वाचवलेलं अन्न दवाखान्यात वसूल होतं. बॅनिश्ड हीच गोष्ट कायदे न विचारता, गुपचूप करतो.

खरं कारण: घरं

आता मूळ दुखणं. दर आठ-दहा वर्षांनी दुष्काळ का येतो?

बॅनिश्डमध्ये मुलं घर मिळाल्यावर होतात. तरुण जोडपं आई-वडिलांच्या घरात असेल तर थांबतं, नवीन घर मिळालं की संसार मांडतं. एका घरात जास्तीत जास्त पाच माणसं. माणसं ऋतूंपेक्षा खूप वेगाने मोठी होतात, गेमच्या एका वर्षात साधारण पाच वर्षांनी. शाळा नसेल तर मूल दहाव्या वर्षी कामाला लागतं, शाळा असेल तर शिक्षण पूर्ण झाल्यावर. म्हणजे जन्मलेलं मूल गेमची दोन-तीन वर्षं फक्त खातं. आणि एक माणूस वर्षाला सुमारे १०० अन्न खातो.

आता मावसभावाने काय केलं ते बघा. चांगलं पीक आलं, साठा वाढला, त्या आनंदात त्याने एका वर्षात दहा घरं बांधली. दहा जोडपी सुटी झाली. दोन वर्षांत पंचवीस-तीस मुलं. म्हणजे वर्षाला अडीच-तीन हजार अन्नाची जादा भूक, आणि काम करणारे हात तेवढेच. साठा संपला, पहिला दुष्काळ आला.

दुष्काळ पडला म्हणून घाबरून त्याने घरं बांधणं पूर्ण थांबवलं. हे स्वाभाविक वाटतं, आणि नेमकं इथेच दुसऱ्या दुष्काळाचं बी पडतं. वाचलेली मुलं मोठी झाली, घरं नाहीत म्हणून त्यांचे संसार झाले नाहीत, काही वर्षं गावात पाळणाच हलला नाही. सुरुवातीची पिढी एकाच वयाची होती, ती एकत्रच म्हातारी झाली आणि एकत्रच गेली. शेतं रिकामी, झोपड्यांत माणसं अपुरी. रिकामी झालेली घरं मग तरुणांना एकदम मिळाली, म्हणजे पुन्हा दहा-पंधरा जोडप्यांना एकाच वेळी मुलं. चक्र पुरं झालं.

यावर उपाय कंटाळवाणा आहे, पण हमखास आहे: घरं सतत बांधा आणि थोडी-थोडी बांधा. पन्नास-साठ माणसांच्या गावात वर्षाला एक-दोन पुरे. प्रत्येक घराच्या आधी हिशोब करा की या घरातली पाच माणसं वर्षाला ५०० अन्न खाणार, ते आपल्या जादा उत्पादनातून निघतंय का? टाउन हॉल बांधला असेल तर गेल्या वर्षी किती पिकलं आणि किती खाल्लं गेलं हे तिथे वस्तूवार दिसतं. मी पिकलेल्यात आणि खाल्लेल्यात फरक किती राहतोय तेवढंच बघतो, साठा नाही. साठा फसवतो. फरक सलग दोन वर्षं चांगला राहिला तर घर बांधायचं. आणि वाईट वर्षातही एखादं घर बांधायचं, नाहीतर वयांची साखळी तुटते.

शाळेबद्दल लोक विचारतात. शिकलेला माणूस जास्त पिकवतो, तेव्हा शाळा हवीच. पण शाळा उघडली की पुढची काही मुलं कामावर उशिरा येतात. त्यामुळे ती सुबत्तेत उघडा, टंचाईत नाही.

आत्ताच मरत असतील तर

वरचं सगळं पुढच्या वेळेसाठी झालं. आत्ता, या हिवाळ्यात गाव वाचवायचं तर बांधकामं सगळी तेवढ्यापुरती थांबवा, विशेषतः घरं. लांबच्या दगड-लोखंड वेचायच्या खुणा पुसून टाका, म्हणजे माणसं तिकडे जाऊन वाटेत मरणार नाहीत. बिल्डर, खाणकामगार, दगडफोडे यांना मासेमारी आणि शिकारीला लावा, मासेमारीच्या धक्क्यावर आणि शिकारीच्या झोपडीत एकही जागा रिकामी नको. लाकूडतोड्याला सोडू नका, थंडीने मरणं उपाशी मरण्याइतकंच खरं आहे. कुरणात जनावरं असतील तर त्यांची मर्यादा खाली आणा, मांस आणि कातडं दोन्ही मिळेल, फक्त पुढच्या वाढीसाठी काही मागे ठेवा. ट्रेडिंग पोस्ट असेल आणि जळण शिल्लक असेल तर बोटीवाल्याकडून अन्न घ्या, पण त्याची बोट यायची तेव्हाच येते, तिच्या भरवशावर बसू नका.

अशा वेळी नेमके भटके लोक येऊन आश्रय मागतात. वीस-तीस माणसं एकदम. शेतं ओस पडलेली असतात म्हणून होकार द्यावासा वाटतो. ती शिकलेली नसतात, सोबत आजार आणू शकतात, आणि पहिल्या दिवसापासून खातात. ज्या वर्षी उपासमारीने एकही मृत्यू झालेला नाही, कोठारात त्या सगळ्यांच्या वर्षभराच्या खाण्याएवढं जादा पडलेलं आहे, त्यांच्यासाठी घरं उभी आहेत आणि हॉस्पिटलमध्ये डॉक्टर नेमलेला आहे, त्याच वर्षी हो म्हणा. तोपर्यंत नकार द्या. काही वर्षांनी दुसरे येतील.